गुडघ्यावरचा टोल

टोल म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना शिकवण्याची गरज नाही. शहरातील रस्त्यांना कोणाचा विरोध नव्हता. विरोध होता तो वाट अडवून होणाऱ्या वसुलीला. जनआंदोलनापुढे २०१५ च्या अखेरीस सरकारला तो टोल रद्द करणे भाग पडले. आता तसाच एक नाका शस्त्रक्रियागृहाच्या दारात उभा राहू पाहत आहे.

गुडघा बदलताना मांडीचे व नडगीचे हाड नेमक्या कोनात कापावे लागते. प्रचलित पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून आणि नडगीला बाहेरून मापक लावून शल्यविशारद तो कोन ठरवतो. ही पोलादी अवजारे निर्जंतुक करून वर्षानुवर्षे वापरता येतात. नव्या पद्धतीत रुग्णाच्या पायाचे एमआरआय किंवा सीटी स्कॅन कंपनीकडे जाते आणि त्याच एका गुडघ्यावर बसेल असा साचा त्रिमितीय छपाईने तयार होऊन येतो. एकदा वापरला की तो कचऱ्यात जातो.

‘खास आपल्या गुडघ्यासाठी’ हे शब्द मोहक आहेत. पण त्यांना पुराव्याचे पाठबळ नाही. दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अनेक अभ्यास गेल्या दीड दशकात झाले. त्यांत वेदना, चालणे किंवा पायाची रेषा यांबाबत नव्या साच्याची सरशी सातत्याने सिद्ध झालेली नाही. फार तर काही मिनिटे आणि अवजारांची काही तबके वाचतात. जुन्या अस्थिभंगाने वाकलेल्या किंवा आत धातूची सळई असलेल्या हाडात मात्र हा साचा खरोखर उपयोगी पडतो. तेथे तो गरिबालाही मिळाला पाहिजे. पण अपवादाचा नियम करून विकणे हा वैद्यक नव्हे, व्यापार होय.

शिवाजी उद्यमनगरातील कारागिराला विचारा. हजार नगांना चालणारी जिग हाताशी असताना दर नगासाठी नवी जिग तो करील काय? प्रत्येक गुडघा वेगळा असतो, हे खरेच. म्हणूनच तर प्रचलित अवजाराचा कोन हलवता येतो! कंपनीची अडचण वेगळी आहे. टिकाऊ अवजार एकदाच विकले जाते. फेकायचा साचा दर रुग्णामागे विकता येतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यावर कमाल दर लावला. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आली. नफेखोरी किती होती, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. परंतु तो दर शरीरात बसवायच्या भागांपुरता होता. हाड कापण्याच्या साच्याला व स्कॅनला त्याचा लगाम नव्हता. एक दार बंद झाले की नफा दुसरे शोधतो.

भांगलणीत वाकून जिचे गुडघे झिजले, त्या शेतमजूर स्त्रीला दागिना मोडून शस्त्रक्रिया करावी लागते. वरचे बिल ‘आधुनिकते’च्या नावाने तिच्या माथी का मारावे?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. साच्याचा व स्कॅनचा खर्च बिलात वेगळा दाखवावा. तो का हवा, याचे वैद्यकीय कारण रुग्णाला मराठीत लेखी द्यावे. अशा साच्यांवरही कमाल दर लावावा. आणि छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात प्रचलित अवजारांचे पुरेसे संच व कुशल हात असावेत, म्हणजे गरिबाला खासगी दारी जावे लागणार नाही. कार्यकर्त्यांनी या मागण्या गावोगावी न्याव्यात. यंत्राशी आपले वैर नाही; यंत्राच्या आडून होणाऱ्या लुटीशी आहे.