पुढचं पुस्तक येईपर्यंत

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी ऑगस्ट १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरा भाग यायला अजून दोनेक वर्षं होती. पण १९९७ सालीच, इंटरनेटवरच्या त्या काळच्या साध्यासुध्या चर्चागटांमध्ये, काही वाचकांनी एक तर्क मांडला: जॉन स्नो हा नेड स्टार्कचा अनौरस मुलगा नाहीच, नेडची दिवंगत बहीण लिआना आणि युद्धात मारला गेलेला युवराज ऱ्हेगार यांचा तो मुलगा आहे. आधार काय, तर नेडला पडणारं एक स्वप्न. त्यात एका एकाकी बुरुजापाशी राजाच्या खास अंगरक्षक दलातले तीन सरदार पहारा देताहेत. राजा मेलाय, युवराज मेलाय, राजघराण्यातली उरलेली माणसं दूर एका बेटावर आहेत. मग राजरक्षणाची शपथ घेतलेले हे तिघे इथे कुणाला राखत उभे आहेत? आत लिआना रक्तानं भिजलेल्या बिछान्यावर अखेरच्या घटका मोजतेय आणि भावाकडून कसलंतरी वचन घेतेय. शिवाय निळ्या गुलाबांचा मुकुट: ऱ्हेगारनं एका स्पर्धेत, स्वतःची बायको समोर बसलेली असताना, तो लिआनाला दिला होता. एवढ्याच सुट्या धाग्यांवर हा तर्क उभा होता. १९९८ मध्ये दुसरा भाग आला. त्यात ऱ्हेगारच्या बहिणीला, डेनेरिसला, होणाऱ्या दृष्टान्तांपैकी एकात बर्फाच्या भिंतीच्या फटीतून उगवलेलं एक निळं फूल होतं. जॉन त्या वेळी राज्याच्या उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या प्रचंड भिंतीवर चाकरीला होता.

तर्क आधी आला आणि त्याला पोषक पुरावा नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून कारणं चिकटवणं सोपं असतं. इथे वाचकांनी मिळालेल्या मजकुरावरून एक विधान केलं आणि पुढच्या मजकुरानं ते खोटं ठरवण्याची पुरेपूर संधी असतानाही ते टिकलं. पुढे डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे या कादंबऱ्यांवर टीव्ही मालिका करण्याची परवानगी मागायला मार्टिन यांच्याकडे गेले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर मार्टिननी त्यांना जॉनच्या आईबद्दलच विचारलं. त्यांचं उत्तर बरोबर निघालं आणि मालिका त्यांना मिळाली. याचा अर्थ, लेखकाच्या लेखी हा प्रश्न आपलं पुस्तक कुणी नीट वाचलंय हे ओळखण्याची परीक्षा होता. चाहत्यांच्या अशा तर्कांना, ज्यांना ते ‘थिअरी’ म्हणतात, आपल्याकडे रिकामटेकड्यांचा उद्योग समजलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आजच्या काळात कादंबरी ओळ न ओळ, शंका घेत, पुरावा मागत वाचण्याची शिस्त कुठे शिल्लक असेल, तर ती बऱ्याच अंशी या मंडळींकडे आहे. पूर्वपक्ष मांडायचा, त्यावर आक्षेप घ्यायचे, दुसरं सोपं स्पष्टीकरण शक्य आहे का ते तपासायचं, हे सगळं तिथे घडतं. वर्तमानपत्री परीक्षणांत ते किती वेळा घडतं, हे वाचकांनीच ठरवावं.

हॅरी पॉटरच्या चाहत्यांचं एक उदाहरण तर गुप्तहेरांना शोभेल असं आहे. जुलै २००५ मध्ये सहावं पुस्तक आलं. त्याच्या शेवटी एका लॉकेटमध्ये चिठ्ठी सापडते आणि तिच्याखाली फक्त तीन आद्याक्षरं असतात: आर. ए. बी. हा कोण? बऱ्याच जणांना हॅरीच्या धर्मपित्याचा, सिरियस ब्लॅकचा, मेलेला भाऊ रेग्युलस आठवला. पाचव्या पुस्तकात ब्लॅक घराण्याच्या वाड्याची साफसफाई करताना कुणालाच न उघडणारं एक जड लॉकेट सापडतं, हेही आठवलं. मग इतर भाषांमधली भाषांतरं यायला लागली. डच आवृत्तीत ब्लॅक घराण्याचं आडनाव ‘झ्वार्ट्स’ आहे आणि तिथे आद्याक्षरं झाली होती आर. ए. झेड.; नॉर्वेजियनमध्ये आडनाव ‘स्वार्ट’, तर आद्याक्षरं आर. ए. एस.; फिनिशमध्ये ‘मुस्ता’ आणि आर. ए. एम. वेगवेगळ्या देशांतल्या वाचकांनी आपापल्या घरातलं पुस्तक उघडून पाहिलं, एकमेकांना कळवलं आणि कोडं सुटलं. २००७ मध्ये शेवटच्या पुस्तकानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एकट्यानं कितीही बारकाईनं वाचलं असतं तरी हे हाती लागलं नसतं.

या खेळात मोठी माणसंही उतरतात. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये जे. के. रोलिंग यांच्या वाचनाचा कार्यक्रम होता. श्रोत्यांतून आपल्या नऊ वर्षांच्या मुलासह प्रश्न विचारायला उठले ते सलमान रश्दी. सहाव्या पुस्तकात मुख्याध्यापक डम्बलडोरला मारणारा स्नेप हा मुळात भलाच माणूस आहे आणि त्यामुळे डम्बलडोर खरा मेलेला नसणार, असा बापलेकांचा तर्क होता. स्नेपबद्दलचं त्यांचं मत रोलिंगनी मान्य केलं, पण डम्बलडोर नक्की मेलाय, हेही तिथेच सांगून टाकलं. म्हणजे मुंबईत जन्मलेला, बुकर मिळवलेला कादंबरीकार चाहत्यांच्या परीक्षेत निम्म्या गुणांनी पास झाला.

निम्मे गुण हीसुद्धा बरी कामगिरी म्हणायची, कारण बहुतेक थिअऱ्या सपशेल आपटतात. हॅरीचा मित्र रॉन वीजली हाच काळात मागे गेलेला डम्बलडोर आहे, असं सिद्ध करण्यासाठी लोकांनी पानंच्या पानं खर्ची घातली होती. यावरून पहिला आक्षेप येतो: ही माणसं मजकुरात नसलेलंच शोधत बसतात. आक्षेप निराधार नाही, पण त्याचं उत्तर याच मंडळींच्या व्यवहारात आहे, कारण अशा थिअऱ्या खोडून काढणारेही चाहतेच असतात. शिवाय ‘नसलेलं’ म्हणजे काय, हेही दर वेळी सोपं नसतं. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या खाणीतला बॅलरॉग नावाचा राक्षस येतो. त्याला पंख आहेत की नाहीत, यावर कित्येक वर्षं वाद चालू आहे. टॉल्किन आधी म्हणतात की त्याच्याभोवतीची सावली दोन विशाल पंखांसारखी पसरली, आणि थोड्या वेळानं नुसतंच म्हणतात की त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले. दुसऱ्या वाक्यात खरे पंख आहेत, की आधीची उपमाच रूपक होऊन पुढे आली आहे? बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण अलंकारशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला असता तर गुरुजी खूश झाले असते. चिकित्सक वाचकांनी उपस्थित केलेल्या काही शंकांचं निरसन केल्याची नोंद खुद्द टॉल्किननी आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत केली आहे. टॉम बॉम्बॅडिल कोण, हे मात्र त्यांनी जाणूनबुजून कोड्यात ठेवलं, आणि ते कोडं सोडवायचे प्रयत्न अर्थातच थांबलेले नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सगळं आधीच ओळखलं तर गोष्टीतली गंमत उरते कुठे? इथे महाभारत आठवतं, पण सहसा आठवतं त्या कारणासाठी नाही. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’ म्हणजे आमच्याकडचं फॅनफिक्शनच, दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथाच, असं हल्ली बरेचदा ऐकू येतं. ही तुलना मला पटत नाही. व्यासांचा पुढचा खंड यायचा नाहीये, आणि शेवट काय होतो हे सावंतांच्या किंवा खांडेकरांच्या वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. थिअरीला जागा लागते ती अजून न लिहिलेल्या गोष्टीत. पण कर्ण आणि जॉन यांची तुलना मात्र करण्यासारखी आहे. दोघांचंही राजघराण्यातलं जन्मरहस्य दडवलेलं. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे महाभारत श्रोत्यापासून लपवत नाही. ते माहीत नसतं पांडवांना. आपल्याला कळत असतं आणि अर्जुनाला कळत नसतं, त्या ताणातून गोष्ट उभी राहते. मार्टिननी वाचकालाच पांडवांच्या जागी नेऊन बसवलंय. त्यामुळे ज्यानं रहस्य ओळखलं तो दुसऱ्या वाचनात आपोआप श्रोत्याच्या जागी येतो, आणि नेडच्या तोंडचं प्रत्येक अर्धवट वाक्य त्याला वेगळं ऐकू येतं. त्याची गंमत बदलली, गेली नाही. मार्टिन यांनाही हा पेच पडला होता. कुणीतरी आपला शेवट बरोबर ताडलाय हे कळल्यावर तो बदलावा का, याबद्दल ते २०१४ मध्ये एडिनबरोच्या पुस्तक महोत्सवात जाहीरपणे बोलले. न बदलण्याचा त्यांचा निर्णय योग्यच म्हणायला हवा. वाचकांना चकवण्यासाठी उत्तर बदललं असतं, तर इतकी वर्षं पेरलेल्या खुणा नुसती फसवणूक ठरल्या असत्या.

तर्कांपर्यंत ठीक आहे, पण दुसऱ्याची पात्रं घेऊन स्वतःच्या कथा लिहायच्या म्हणजे चोरीच की, हा तिसरा आक्षेप. तो घेणाऱ्यांत मार्टिनही आहेत. आपली पात्रं आपल्या मुलांसारखी आहेत, ती इतरांनी वापरलेली आपल्याला चालत नाहीत, असं त्यांनी २०१० मध्ये सविस्तर लिहिलं. गंमत अशी, की मार्टिन चाहत्यांच्याच जगातून आलेत. १९६३ मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या कॉमिकमध्ये शाळकरी मार्टिनचं पत्र छापून आलं होतं, आणि त्यांच्या पहिल्या कथा चाहत्यांनी काढलेल्या हौशी मासिकांत आल्या. जॅक व्हान्स यांच्या ‘डाइंग अर्थ’च्या जगात घडणारी कथाही त्यांनी २००९ मध्ये लिहिली, अर्थात व्हान्स यांच्या परवानगीनं. म्हणजे दुसऱ्याच्या जगात शिरण्याला त्यांची हरकत नाही, विनापरवानगी शिरण्याला आहे. लेखक म्हणून हे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. पण विनापरवानगी लिहिलेल्या कथांमधूनही वाचन घडतं, आणि ते कसं, हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेत दोन जुळ्या बहिणी आहेत: पार्वती आणि पद्मा पाटील. एक शाळेच्या ग्रिफिंडर या घरात, दुसरी रेव्हनक्लॉमध्ये (चित्रपटांत दोघींनाही एकाच घरात कोंबलंय). चौथ्या पुस्तकात हॅरी आणि रॉन त्यांना नाताळच्या नृत्याला घेऊन जातात आणि रात्रभर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. रोलिंगनी त्यांना पाटील हे आडनाव दिलं, पण घर दिलं नाही. त्या घरात कोणती भाषा बोलतात, जादूगार आजीआजोबा कुठून आले, जुळ्या मुलींना वेगवेगळ्या घरांत टाकल्यावर काय झालं, हे कुठेच येत नाही. भारतीय वंशाच्या चाहत्यांनी नेमकी हीच पोकळी हेरली आणि कथांनी, चित्रांनी भरली. ही समीक्षाच आहे. फक्त ती निबंधाऐवजी गोष्टीच्या रूपात केलेली आहे.

चोरीची रेघ मात्र कुठेतरी आहेच, आणि ती एका खटल्यात बरीच स्पष्ट झाली. ‘हॅरी पॉटर लेक्सिकन’ हा चाहत्यानं तयार केलेला कोश होता. रोलिंग स्वतःही तो संदर्भासाठी उघडत असत आणि त्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. तोच कोश पुस्तकरूपात विकायची तयारी सुरू झाल्यावर २००७ मध्ये रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स कोर्टात गेले. सप्टेंबर २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, कारण कोशात मूळ मजकूर फार जास्त उचलला होता. पण असे संदर्भग्रंथ काढण्यावर लेखकाचा सरसकट मनाई हक्क नाही, हेही न्यायाधीशांनी नमूद केलं. काटछाट केलेला कोश २००९ मध्ये निघाला. कथांच्या बाबतीत ही रेघ चाहत्यांनीच आखून घेतली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संग्रहस्थळ वर्गणी घेत नाही, जाहिराती लावत नाही, देणग्यांवर चालतं. त्यावर आज एक कोटीहून जास्त कृती आहेत आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, नाओमी नोविक, या स्वतः नावाजलेल्या फँटसी कादंबरीकार आहेत. तरीही रेघ पुसट होतेच. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही मुळात ‘ट्वायलाइट’वरची चाहत्याची कथा होती, नावं बदलून ती बाजारात आली आणि तिनं अमाप पैसा केला. फुकट वाटण्यासाठी, दहाजणांच्या सूचना घेत लिहिलेली गोष्ट एकानं विकणं मला खटकतं, मग कायदा काहीही म्हणो.

याहून जास्त खटकतो तो हक्क गाजवणारा चाहता. २०१९ मध्ये मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिकेचा शेवटचा सीझन आवडला नाही म्हणून तो नव्यानं चित्रित करावा, अशा मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सही केली. पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहावा अजून आलेला नाही, म्हणून मार्टिनना अर्वाच्य शब्दांत हिणवणारेही कमी नाहीत. पण हे वाचकपण नव्हे, गिऱ्हाईकपण आहे, आणि दोन्हींची गल्लत करून सगळ्याच चाहत्यांना झोडपणं अन्यायाचं होईल. त्याच समुदायातले एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटनसन मार्टिन यांच्या जगाची इतकी काटेकोर नोंद ठेवत आले, की पुढे मार्टिननी त्यांना सोबत घेऊन २०१४ मध्ये ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’ हा ग्रंथ केला.

काटेकोर वाचकांची शिस्त आजही दिसते. २०१६ मध्ये टीव्ही मालिकेनं जॉनच्या जन्माचं रहस्य उघड केलं, तरी पुस्तकांपुरता तो अजून तर्कच आहे, असं त्यांच्यातले अनेक जण बजावून सांगतात. टीव्हीचा पुरावा पुस्तकाच्या खटल्यात चालत नाही. पाचव्या भागात केस निळे रंगवलेला एक तरुण येतो आणि तो ऱ्हेगारचा वाचलेला मुलगा एगॉन आहे, असं आपल्याला सांगितलं जातं. टीव्हीनं हे पात्र वगळल्यामुळे तिकडून उत्तर मिळायची सोयच नाही. तो तोतया आहे, ऱ्हेगारच्या टारगेरियन राजघराण्याच्या ब्लॅकफायर नावाच्या बंडखोर शाखेचा वंशज आहे, अशी एक थिअरी आहे. केलेला करार कधीही न मोडल्याचा लौकिक असलेली ‘गोल्डन कंपनी’ ही भाडोत्री फौज याच तरुणासाठी हातातला करार मोडून निघते. ही फौज उभी राहिली होती ब्लॅकफायरच्या हरलेल्या समर्थकांमधून, टारगेरियनांशी लढायला. मग तिनं टारगेरियनांच्याच वारसासाठी लौकिक पणाला का लावावा? पिढ्या उलटल्या, जुनं वैर कुणाला राहिलंय, आता त्यांना फक्त मायदेशी परतायचंय, हा त्यावरचा उलट मुद्दा. आणि तोही पुस्तकातल्या संवादांच्याच आधारानं मांडला जातो.