डोळ्यांचे चार प्रश्न घाईत घालवू नका

विश्रांतवाडीकरांनो, आशाताई सी-बॅकचा फॉर्म घेऊन दारात आली, तर तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावू नका. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी असलेल्या या सरकारी प्रश्नावलीत तंबाखू, कमरेचा घेर, घरातला मधुमेह हे तर विचारतातच, पण डोळ्यांचेही चार प्रश्न आहेत. अंधूक दिसतं का? वाचायला त्रास होतो का? डोळा आठवड्याहून जास्त दिवस दुखतोय का? तेवढेच दिवस लाल आहे का?

सून कुकर लावता लावता सगळ्यांच्या वतीनं ‘नाही, नाही’ म्हणून मोकळी होते. आत बसलेल्या सासूबाईंना कुणी विचारतच नाही. त्यांनी तांदूळ निवडणं केव्हाच सोडलेलं असतं आणि घरानं ते वयावर ढकललेलं असतं. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेनं पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूनं नेलेली नजर मात्र कुठल्याही उपचारानं परत येत नाही.

तो सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. समोरचं स्वच्छ दिसत राहतं आणि कडेची नजर हळूहळू जाते. म्हणजे चारही उत्तरं प्रामाणिकपणे ‘नाही’ असली, तरी धोका उरतोच. म्हणून त्यांच्या जोडीला आणखी काही विचारा. चाळिशी उलटली का? आईवडील, भावंडं यांपैकी कुणाला काचबिंदू आहे का? मधुमेह असून वर्षभरात पडदा तपासायचा राहिलाय का? डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडचे थेंब घालत राहिलात का? डोळ्याला कधी जोराचा मार बसलाय का? एक जरी ‘हो’ आलं, तरी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब, नस आणि पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं मुळीच नाही.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आपल्या रस्त्यानं पुण्यात जाते, तेव्हा वारकऱ्यांच्या सेवेला इथली माणसं न सांगता उभी राहतात. मंडळांनो, बचत गटांनो, तीच माणसं या कामाला हवी आहेत. धानोरी, कळस, टिंगरेनगर, फुलेनगर, प्रत्येक गल्लीत एका रविवारी हे प्रश्न घेऊन बसा. म्हाताऱ्या माणसांना स्वतः बोलू द्या. ज्यांचं ‘हो’ आलं, त्यांना ससूनच्या नेत्रविभागात किंवा महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात नेऊन आणायची जबाबदारी गल्लीतल्या तरुणांनी नावानिशी वाटून घ्यावी. येत्या रविवारीच सुरुवात करा.