लॉटरीच्या पैशांवरची शाळा

अमेरिकेतल्या चार्टर शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच 'खासगीकरण चांगलं की वाईट' यावर घसरते. मला वाटतं, तिथला कायदा वाचताना आधी दोन गोष्टी बघाव्यात : पैसा कुठल्या खात्यातून येतो, आणि त्याचा जाब कोण विचारतो.

चार्टर शाळा फी घेत नाही, सरकारी पैशावर चालते; पण ती चालवते एखादी संस्था, ठरावीक मुदतीच्या करारावर. असा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटाने केला. मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं.

वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नव्हे, सिएटलवालं राज्य) मात्र मतदारांनी १९९६, २००० आणि २००४ अशी तीनदा चार्टर शाळा नाकारली. २०१२ साली प्रस्ताव जेमतेम मताधिक्याने पास झाला : पाच वर्षांत जास्तीत जास्त ४० शाळा. आणि ४ सप्टेंबर २०१५ ला, नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असताना, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. कारण काय, तर राज्यघटनेने 'सामायिक शाळां'साठी राखलेला पैसा मतदारांच्या ताब्यातल्या शाळांनाच देता येतो, असं याच न्यायालयाने १९०९ मध्ये सांगून ठेवलेलं. चार्टर शाळेचं मंडळ नेमलेलं असतं, निवडलेलं नसतं.

निकाल कायद्याला धरून होता, हे मला पटतं. पण ज्यांनी आठवड्यापूर्वी दप्तर भरलं त्या पोरांनी काय करायचं?

२०१६ मध्ये विधिमंडळाने तोडगा काढला. शाळांचा पैसा राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून चालणाऱ्या खात्यातून द्यायचा. राज्यपालांनी सही केली नाही, तरी कायदा झाला. २०१८ मध्ये न्यायालयाने तो मुख्यतः उचलूनही धरला. शाळा वाचल्या, याचा आनंद आहेच. पण बघा, मंडळ पूर्वीसारखंच नेमलेलं राहिलं. वर, शेजारच्या सरकारी शाळेला स्थानिक मालमत्ता करातून जो वाटा मिळतो तो या शाळांना नाही. म्हणजे पालकांना मतही नाही आणि मुलांना पूर्ण पैसाही नाही! याला मी तोडगा म्हणणार नाही, पळवाट म्हणेन.

हे दूरचं वाटतंय? आपल्यातले कित्येक जण अनुदानित शाळेत शिकलो : पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शाळांतही व्यवस्थापन समिती आणली, तीन चतुर्थांश सदस्य पालक. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या आणि इतर सगळ्याच अनुदानित शाळांत तिचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं केलं. अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क घटनेच्या कलम ३० ने दिलाय, तो मला मोलाचा वाटतो. आपलं कॉलेजही त्यावरच उभं आहे. पण वार्षिक हिशेब पालकांसमोर वाचून दाखवला, त्यांच्या प्रश्नांना लेखी उत्तर दिलं, तर त्या हक्काला कुठे धक्का लागतो? एवढं तरी प्रत्येक अनुदानित संस्थेने आपणहून सुरू करावं, असं माझं म्हणणं आहे. आपल्या व्यवस्थापनाला हे कितपत रुचेल, बघू.