कुतुबखाना झाला, दारुल-मुताला कुठे आहे?

आमच्या तालुक्याच्या गावी एक संशोधन ग्रंथालय उभे राहणार आहे. ही बातमी ऐकून ज्यांना मनापासून आनंद झाला, त्यांत मी होते. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या भागातल्या उर्दू शाळांचा इतिहास जमेल तसा गोळा करते आहे. त्यासाठी सुट्ट्यांत मुंबई-पुण्याच्या फेऱ्या घालते. आता गावातच सोय होईल, असे वाटले.

ट्रस्टने नकाशा पाहायला बोलावले. भिंतीवर मोठे रंगीत चित्र लावले होते. समोर हिरवा घुमट, दोन्ही बाजूंना बुटके मिनार, मधे कमान आणि कमानीखाली देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. तळमजल्यावर तीनशे माणसांचा हॉल, त्याला स्टेज. वर ऑफिस, चेअरमन साहेबांची केबिन, पाहुण्यांसाठी दोन खोल्या. ग्रंथालय कुठे आहे हे बोट फिरवत शोधावे लागले. जिन्याच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीला लागून, बारा बाय वीसची एक खोली. चारही बाजूंना कपाटे, खिडकी एकही नाही.

मी विचारले, "वाचणारा कुठे बसणार?"

एक बुजुर्ग ट्रस्टी हसले. "आपा, एवढा मोठा हॉल आहे की बसायला."

"आणि हॉलमध्ये निकाह असेल तेव्हा?"

"तेव्हा काय, त्या दिवशी लायब्ररी बंद."

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी दोन शब्द आहेत. कुतुबखाना म्हणजे किताबांचे घर. दारुल-मुताला म्हणजे वाचण्याचे घर. मराठीतही ग्रंथालय आणि वाचनालय अशी जोडी आहेच. दोन्ही शब्द आपण तोंडाने वापरतो, पण बांधायची वेळ आली की पहिलेच घर बांधतो. किताबांना कपाट मिळते, कपाटाला कुलूप मिळते, कुलपाची किल्ली सेक्रेटरी साहेबांच्या खिशात जाते. वाचणाऱ्याच्या वाट्याला जिन्याची पायरी येते. हे मी उपमा म्हणून लिहीत नाही. एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात मी खरोखर जिन्याच्या पायरीवर बसून टिपणे काढली आहेत. त्याआधी दोन फेऱ्या फुकट गेल्या होत्या, कारण किल्लीवाले लग्नाला गेले होते.

जलशांत बगदादच्या बैतुल हिकमतचा उल्लेख झाला नाही असे सहसा होत नाही. वक्त्याचा आवाज चढतो, टाळ्या पडतात. पण त्या बैतुल हिकमतची एक वीटही आज कुणाला दाखवता येत नाही. तिथे वाचक कुठे बसत होता, उजेड कुठून येत होता, हे वक्त्याला ठाऊक नसते आणि आपल्यालाही. ज्यांची वर्णने खरोखर हाती आहेत त्यांच्याकडे मात्र आपण वळत नाही.

दहाव्या शतकात शिराझला बुवैही सुलतान अजदुद्दौला याचे ग्रंथालय होते. भूगोलकार मुकद्दसीने ते पाहिले आणि लिहून ठेवले. एक लांबलचक कमानदार दालन, त्याच्या बाजूंना कोठ्या, माणसाच्या उंचीची नक्षीदार लाकडी कपाटे. प्रत्येक विद्येची कपाटे वेगळी, तिची यादीही वेगळी. आजच्या भाषेत बोलायचे तर वर्गीकरण आणि मांडणी उत्तम होती. पण तोच मुकद्दसी हेही सांगतो की आत प्रवेश फक्त प्रतिष्ठितांना होता.

आता काहिरा पाहा. १००५ साली फातिमी खलिफा अल-हाकिमने तिथे दारुल इल्म उघडले. दार सर्वांना खुले होते. येणाऱ्याला कागद, कलम, शाई आणि दौत संस्थेकडून मिळे. इतिहासकार मकरीझीने त्याच्या खर्चाचा तपशील दिला आहे. त्यात काय काय आहे? चटया, पिण्याचे पाणी, हिवाळ्यात अंथरायच्या सतरंज्या, पडद्यांची दुरुस्ती, फाटलेल्या किताबांची दुरुस्ती. हा हिशेब ज्याने मांडला त्याच्या डोळ्यांसमोर जमिनीवर बसलेला, थंडीने पाय आखडून घेतलेला माणूस होता. आमच्या ट्रस्टच्या अंदाजपत्रकात घुमटावरच्या टाइल्स आहेत. पिण्याच्या पाण्याची सोय "नंतर पाहू" या सदरात आहे.

शिराझ आणि काहिरा, दोन्ही आपलाच वारसा. त्यातला कोणता उचलायचा हे नकाशा काढतानाच ठरते. उद्घाटनाच्या भाषणात ते ठरवता येत नाही.

कुणी म्हणेल, बाई, ही दुर्मिळ हस्तलिखिते. चोरीला गेली तर? भीती खोटी नाही. मीही असे किस्से ऐकले आहेत. पण चोरी थांबवायचा उपाय कुलूप वाढवणे हा नव्हे. मोरोक्कोत फेज शहरी अल-करवियीनचे ग्रंथालय आहे. ज्या मशिदीच्या आश्रयाने ते वाढले, ती ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईने बांधली असे परंपरा सांगते. तिथे इब्न खल्दूनच्या ग्रंथाचे चौदाव्या शतकातले हस्तलिखित आहे, नवव्या शतकातला कुरआन आहे. या मौल्यवान संग्रहाच्या लोखंडी दाराला पूर्वी चार कुलपे होती. चार किल्ल्या चार वेगवेगळ्या माणसांकडे. चौघे एकत्र आले तरच दार उघडायचे. आपल्याकडच्या कुणाही सेक्रेटरी साहेबांना हेवा वाटावा असा बंदोबस्त! पण कुलपांनी माणसे अडवली, ओल अडवली नाही. २०१२ मध्ये दुरुस्तीचे काम हाती आले तेव्हा वास्तुविशारद अझीझा शावनी यांना भिंतीत ओल, छप्परात गळती आणि इमारतीच्या पायाखालून वाहणारे पाणी सापडले. त्यांनी पाण्याला वाट काढून दिली, हस्तलिखितांच्या खोलीत तापमान आणि दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा बसवली. फातिमाच्या नावाने ओळखली जाणारी जागा एका बाईनेच सावरली, हे वाचून मला जो आनंद झाला तो लपवत नाही.

राखणीचे म्हणाल तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ते कोडे १८५७ सालीच सोडवले होते. तिथले ग्रंथपाल अँटोनियो पानिझ्झी हे इटलीतून परागंदा झालेले राजकीय निर्वासित. गरीब विद्यार्थ्यालाही देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाइतकीच ज्ञानाची साधने मिळाली पाहिजेत, असे ते म्हणत. त्यांच्या कल्पनेतून एक गोल वाचनदालन उभे राहिले, व्यास १४० फूट. मधोमध देखरेख करणाऱ्याची बैठक, भोवती सूचीचे कट्टे आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या टेबलांच्या रांगा. पुस्तके या गोलाच्या बाहेर लोखंडी मांडण्यांवर. मधल्या माणसाला सगळे वाचक दिसतात आणि वाचकाच्या मागेच पुस्तक असते. वाचकाला स्वतःची जागा, पुस्तक टेकवायला तिरकी फळी, पायाखाली गरम पाण्याची नळी. कुलपाचे काम मांडणीनेच केले. याच दालनात मार्क्स बसला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले. पुढे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेव्हा वरचा मजला ग्रंथांना आणि वाचनाला दिला, कुटुंब खाली राहिले. स्वतःच्या घराचा नकाशा पुस्तकापासून सुरू करणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. आमच्या ट्रस्टला लंडनला जायची गरज नाही, दादरपर्यंत गेले तरी पुरे.

बाहेरून देखणे करण्याच्या नादात मोठमोठे देशही फसले आहेत. पॅरिसचे नवे राष्ट्रीय ग्रंथालय घ्या. १९८९ ची स्पर्धा दोमिनिक पेरो यांनी जिंकली. चार कोपऱ्यांत उघड्या पुस्तकाच्या आकाराचे चार काचेचे मनोरे. चित्र फारच सुंदर. पण त्या काचेच्या मनोऱ्यांत ठेवायची होती पुस्तके, आणि वाचकांना बसवायचे होते खाली, एका खोलगट बागेभोवती. म्हणजे कागदाला ऊन आणि माणसाला तळघर! टीकेचा भडिमार झाला, मग काचेच्या आत लाकडी झडपा बसवल्या. पुस्तक मनोऱ्यातून वाचकापर्यंत आणायला रुळांवरच्या डब्यांची यांत्रिक व्यवस्था करावी लागली. १९९८ मध्ये संशोधकांचे दालन उघडले तेव्हा संगणक व्यवस्था कोलमडली आणि कर्मचारी संपावर गेले. फ्रान्सकडे ही चूक निस्तरायला पैसा होता. आपल्याकडे देणगीच्या पावत्या फाडून जमलेला पैसा आहे.

अलेक्झांड्रियाचे नवे ग्रंथालय २००२ मध्ये उघडले. तिथे वाचनदालन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते, तिरक्या छपरातून उजेड येतो, सुमारे दोन हजार माणसे बसतात आणि पुस्तके त्या पायऱ्यांच्या पोटात, वाचकाच्या हाताशी. क्षमता ऐंशी लाख पुस्तकांची. उघडले तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग भरला होता. लोकांनी नावे ठेवली. मला मात्र ही चूक कमी वाटते. खुर्ची आधी केली की किताब येते. २०१० मध्ये त्याच पॅरिसच्या ग्रंथालयाने तिथे पाच लाख पुस्तके भेट पाठवली.

आता आमच्या गावाकडे परत येते. कोकणातला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पश्चिमेची भिंत आषाढ-श्रावणात हात लावला तरी गार लागते. त्याच भिंतीला टेकवून कपाटे ठेवायची आणि खिडकी ठेवायची नाही, म्हणजे बुरशीला आणि कसरीला दावतच. कपाटे भिंतीपासून वीतभर तरी सुटी हवीत, इमारतीच्या पोटात हवीत. टेबले उत्तरेच्या खिडक्यांना हवीत, कारण तिकडून उजेड येतो आणि ऊन फारसे येत नाही. आणखी एक गोष्ट नकाशा काढणाऱ्यालाही सांगावी लागली, याचे नवल वाटते. पुस्तके जड असतात. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या मांडण्यांसाठी तो किमान ६०० किलो धरावा लागतो. "पुढे वाढले तर वरच्या गेस्टरूममध्ये कपाटे नेऊ" असे जे सहज बोलले गेले, ते स्लॅबला विचारून बोलले गेले नाही.

टेबलाचीही गोष्ट आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचा इतिहास एका भाषेत सापडत नाही. फारसी सनद, मोडीतला कागद, उर्दू रिसाल्याची जुनी फाइल आणि मराठी गॅझेटियर, ही चारही एकाच वेळी समोर उघडी लागतात. शाळेच्या बाकावर ती मावत नाहीत. रुंद टेबल लागते आणि त्यावर रेहल लागते. हो, रेहल! पाश्चात्त्य ग्रंथालयांत जुन्या पुस्तकाची शिवण तुटू नये म्हणून ते स्पंजाच्या उतरत्या पाचरींवर अर्धवट उघडे ठेवतात. आपल्या नानी-दादीने हेच काम दोन फळ्यांच्या रेहलवर केले. आणि आपल्याच ग्रंथालयांत मी दोनशे वर्षांचे हस्तलिखित काचेच्या टेबलावर उताणे दाबून फोटो काढताना पाहिले आहे.

"आता सगळे मोबाइलवर मिळते" हे वाक्य तर मी रोज ऐकते. उर्दूची पुष्कळ पुस्तके स्कॅन होऊन आली आहेत, त्याचा मलाही लाभ होतो. पण आमच्या गावच्या मकतबचे हजेरीपट, अंजुमनच्या सभांची इतिवृत्ते, मुंबईत जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी घरी पाठवलेली पत्रे कुणी स्कॅन केली आहेत? ती कुणाच्या तरी पोटमाळ्यावर आहेत आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी कमी होत आहेत.

शेवटची गोष्ट सभेत बोलताना माझा आवाज थोडा चढला, म्हणून इथे शांतपणे लिहिते. नकाशात पुरुषांचे प्रसाधनगृह आहे, वजूखाना आहे. बायकांसाठी काहीही नाही. विचारल्यावर उत्तर आले, "औरतें कितनी आएंगी?" माझ्या शाळेत दहावीच्या वर्गात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरी दोन खोल्या आणि सात-आठ माणसे. त्या येणार नाहीत, असे गृहीत धरून इमारत बांधली की त्या खरोखरच येणार नाहीत आणि मग हेच लोक म्हणतील, पाहा, आम्ही म्हणत होतो. कुणी सुचवले की बायकांना मागे पार्टिशन टाकून वेगळी खोली देऊ. ज्यांना वेगळे बसायचे आहे त्यांनी जरूर बसावे. पण त्या खोलीपासून पुस्तकाचे अंतर पुरुषांच्या टेबलाइतकेच असले पाहिजे, खिडकी तशीच असली पाहिजे आणि वेळ शाळा सुटल्यानंतरची असली पाहिजे. पर्द्याच्या नावाने अंधारी खोली देऊ नका.

पैसा नाही, हे कारण मी मान्य करत नाही. घुमट, मिनार आणि संगमरवरी पाटी वगळली तर खिडक्या, टेबले, पाणी आणि प्रसाधनगृह यांचा खर्च निघतो. हा हिशेब मी ट्रस्टच्याच अंदाजपत्रकावरून केला आहे.

बांधकाम पावसाळ्यानंतर सुरू होणार आहे, तोवर नकाशा बदलता येतो. उत्तरेच्या भिंतीला खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीपासून कपाटे दूर, चाळीस वाचकांची टेबले, बायकांसाठी प्रसाधनगृह आणि किल्ली पगारी ग्रंथपालाच्या हाती, असा अर्ज मी लेखी दिला आहे. त्यावर माझ्यासह अकरा शिक्षिकांच्या सह्या आहेत. पोहोच मिळाली, उत्तर अजून आलेले नाही.