छप्पर खासगी, तार सार्वजनिक

गुरुवारी, औद्योगिक सुट्टीच्या दिवशी, तळवड्यातील लघुउद्योगांची यंत्रे थांबतात. सूर्य मात्र सुट्टी घेत नाही. ज्या शेडवर सौर पॅनेल आहेत तेथील वीज भर दुपारी वापराविना उरते आणि वाहिनीत उलट शिरते. ग्राहकाकडे वीज नेण्यासाठी टाकलेल्या तारेत प्रवाहाची दिशा फिरली, की तिच्या टोकाचा विद्युतदाब चढू लागतो. २३० व्होल्टचा दाब २५३ च्या पुढे गेल्यास इन्व्हर्टरने दोन सेकंदांत वाहिनीपासून अलग व्हावे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०१३ चा नियम आहे. परिणामी रोहित्राजवळचा पॅनेलधारक वीज देत राहतो. तितकेच भांडवल घातलेला टोकाचा ग्राहक बंद पडतो. सायंकाळी त्याच टोकाला दाब उतरतो. साध्या वितरण रोहित्राचा टॅप पुरवठा बंद केल्याविना बदलता येत नाही. त्यामुळे दुपारच्या सोयीसाठी कमी केलेला दाब रात्री दिवे मंद करतो.

उपाय अज्ञात नाहीत. जाड तारा, जादा रोहित्रे, दाब स्वतः आवरणारे इन्व्हर्टर, दुपारची वीज सायंकाळसाठी राखणाऱ्या बॅटऱ्या, हे सारे उपलब्ध आहे. खरा प्रश्न खर्चाचा आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून पाच किलोवॅटपर्यंतच्या संचांसाठी वाहिनी बळकट करण्याचा खर्च वितरण कंपनीवर टाकला. तरतूद योग्यच आहे. परंतु कंपनीचा खर्च अखेर वीजदरातूनच वसूल होतो, आणि तो दर भाड्याच्या खोलीत राहणारा कामगारही भरतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या सूर्यघर योजनेने तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले. ज्याला स्वतःचे छतच नाही, त्याच्या पदरी त्यातले काय पडणार?

वाहिनी सर्वांच्या पैशाने सुधारायची, तर तिच्या क्षमतेवर पहिल्या येणाऱ्याची मक्तेदारी चालणार नाही. दाब आवरण्याची जबाबदारी वाहिनीवरील प्रत्येक इन्व्हर्टरवर सारखी असावी. टोकाच्या ग्राहकाचे नुकसान सर्वांनी वाटून घ्यावे. भाडेकरूंना सामूहिक सौर प्रकल्पात वाटा मिळून त्याची वीज त्यांच्या देयकात जमा व्हावी. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्ये असा मार्ग मोकळा केला होता. ऊन कोणाच्याही मालकीचे नाही. ते वाहून नेणारी तार तरी मूठभरांची होऊ नये.