राणीची बाग आधी झाडांची

मुंबईतील भायखळ्याच्या राणीच्या बागेचे, म्हणजेच आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे नाव निघाले की वाघ, हत्ती आणि अलीकडे पेंग्विन आठवतात. ही मुळात प्राण्यांची बाग, झाडे सावलीपुरती, असा समज त्यातून रूढ झाला आहे. तो साफ चुकीचा आहे.

१८६२ मध्ये ही बाग खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. देशोदेशीची झाडे इथे आणून रुजवली गेली. पिंजरे नंतर आले. म्यानमारची उर्वशी, आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती ही या बागेची खरी मिळकत. उर्वशीचे लाल-पिवळ्या फुलांचे घोस फांद्यांवरून झुंबरासारखे लोंबतात. कैलासपतीला फुले येतात ती थेट खोडावर, आणि पाकळ्यांमध्ये पुंकेसरांची फणी वाकलेली असते. असे झाड मुंबईकर मुलाला हात लावून पाहता येते, ते इथे.

लोक प्राणी पाहायलाच येतात, हा दुसरा युक्तिवाद. येतात, हे खरेच. पण डबा उघडला जातो तो झाडाखाली. शिवाय २०१६ मध्ये सोलहून आणलेल्या पेंग्विनना थंड केलेला काचेचा कक्ष लागतो. तो वीज-पाणी असेल तिथे कुठेही बांधता येतो. शंभर वर्षांची गोरखचिंच अशी हवी तिथे उभी करता येत नाही.

बागेत नवे बांधकाम करताना झाडे तोडत नाही, पुनर्रोपण करतो, हे उत्तर तर सर्वांत फसवे. जुन्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे खोडापासून दूरवर पसरलेली असतात. झाड उचलताना तीच तुटतात. झाड जागेवर ठेवून बुंध्यापर्यंत फरशी घातली तरी मुळांचे पाणी आणि हवा अडते. कुऱ्हाड न लावताही झाड मरते.

म्हणून बागेच्या प्रत्येक आराखड्यात झाडांची जागा आधी ठरावी, बांधकामाची मागाहून. बुंध्यांभोवतीची माती मोकळी राहावी, प्रत्येक झाडावर मराठी नाव आणि मूळ देश लिहिलेला असावा, दुर्मीळ झाडांची रोपे बागेतच तयार व्हावीत. हे अशक्य नाही. बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाचा जीर्णोद्धार मूळ रूप सांभाळून झाला, २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले.