पिंपाची नोंदवही आणि जिभेची साक्ष

बाटलीवर 'आयरिश व्हिस्की' असे छापायचे, तर आयर्लंडमधल्या उत्पादकाला आधी सरकारी पडताळणीला तोंड द्यावे लागते. पडताळणी करते कर खाते, म्हणजे 'रेव्हेन्यू कमिशनर्स'. धान्य कोणते, ऊर्ध्वपातन कुठे झाले, पिंप लाकडाचे आहे का, त्यात माल किती काळ होता, मिश्रण कुणी केले, बाटल्या कुठे भरल्या, हे सारे 2014 सालच्या तांत्रिक दस्तऐवजाशी ताडून पाहिले जाते. भौगोलिक नावाने विकले जाणारे मद्य बाजारात येण्यापूर्वी अशी पडताळणी व्हावी, हे युरोपीय संघाच्या नियमांतच आहे. आयरिश क्रीम आणि आयरिश पॉचीन (तिथली गावठी दारू) या आणखी दोन संरक्षित नावांनाही हाच न्याय लागू आहे.

याविरुद्धचा पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या जोरानिशी मांडतो, कारण तो पोकळ नाही. व्हिस्की चांगली की वाईट हे पिणाऱ्याची जीभ ठरवते, त्यात कारकुनाचे काय काम? करवसुली करणाऱ्या खात्याला मद्याच्या अस्सलपणाचे काय कळते? कागदपत्रांचा बोजा बड्या कंपनीला जाणवतही नाही, मात्र दोन तांब्याची भांडी घेऊन बसलेला नवा उत्पादक त्याखाली दबतो. आणि सर्वांत मर्मावरचा घाव असा, की ज्या दस्तऐवजाशी ताडून पाहायचे तो बड्यांच्या सोयीने लिहिला गेला, मग पडताळणी म्हणजे त्या सोयीची राखणच झाली.

पहिला आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण जिभेला नेमके काय कळते ते पाहू. आयरिश व्हिस्कीचे नियम असे: ऊर्ध्वपातन आणि मुरवणी आयर्लंड बेटावरच व्हावी, लाकडी पिंप 700 लिटरपेक्षा मोठे नसावे, त्यात किमान तीन वर्षे मुरवणी व्हावी, ऊर्ध्वपातनातून निघणाऱ्या द्रवाची तीव्रता 94.8 टक्क्यांच्या आत असावी, बाटलीतली 40 टक्क्यांच्या खाली नसावी, आणि वरून घालायचे ते पाणी व साधे कॅरॅमल एवढेच. यांतले जिभेच्या कक्षेत किती येते? 35 महिने मुरलेली आणि 37 महिने मुरलेली व्हिस्की कुणी डोळे झाकून वेगळी सांगितली, तर त्याला साष्टांग दंडवत. पिंप बेटावरच होते की समुद्रापार, हे तर कुठलीच जीभ सांगणार नाही. शिवाय पिंपाचे लाकूड, आधी त्यात बर्बन होती की शेरी, कोठारातली हवा, यांमुळे चव इतकी बदलते की एका हाताची दोन पिंपेही सारखी लागत नाहीत. जीभ आवडनिवड सांगते. काळाची आणि जागेची साक्ष तिच्याकडून मागणे म्हणजे आंधळ्याला रंग विचारणे.

ही साक्ष देते कोठारातली नोंदवही. पिंप भरले की त्याचा क्रमांक, भरण्याची तारीख, लिटर आणि मद्यार्काची तीव्रता नोंदली जाते. करमुक्त ठेवलेल्या कोठारात मालाचा हिशेब सरकारला द्यायचा असतो, कारण तो बाहेर पडेल तेव्हाच कर बसणार असतो. लाकडातून दर वर्षी थोडा भाग उडून जातो. आयर्लंडच्या दमट हवेत ही घट साधारण दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे तीन वर्षांपूर्वी दोनशे लिटर भरलेल्या पिंपात आज काठोकाठ दोनशेच निघाले, तर अधिकाऱ्याने भुवई उंचावायलाच हवी: एक तर तारीख खोटी, नाहीतर मधे काही ओतले गेले. पुढे दहा पिंपांचे मिश्रण झाले, तर त्यांचे क्रमांक मिश्रणाच्या नोंदीत येतात, आणि मिश्रणाचा क्रमांक बाटलीच्या लॉटवर. लेबलवरचे 'बारा वर्षे' हे वय मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या थेंबाचे असावे लागते, सरासरीचे नाही. हा धागा बाटलीपासून पिंपापर्यंत मागे ओढता येतो की मधेच तुटतो, हेच पडताळणी करणारा पाहतो. त्याने घोट घेतला नाही तरी चालते.

यातच दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आहे. कर खाते चवीचे मर्मज्ञ नसेलही, पण पिंपात किती होते, किती उडाले आणि किती बाहेर गेले, हे पिढ्यान् पिढ्या तेच मोजत आले आहे. आणि अबकारी माणसाला व्हिस्कीतले कळत नाही म्हणणाऱ्यांनी ईनियस कॉफी आठवावा. हा आयर्लंडच्या अबकारी खात्याचा बडा अधिकारी. डोनेगलमध्ये चोरून पॉचीन गाळणाऱ्यांनी याला मरणाचा चोप दिला होता. नोकरी सोडल्यावर 1830 साली त्याने सलग चालणाऱ्या उभ्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले आणि जगभरचा मद्यधंदा उलटापालटा करून टाकला.

त्या यंत्रानेच पुढे या साऱ्या वादाचे बीज पेरले. डब्लिनच्या चार मोठ्या उत्पादकांनी (जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर, जॉर्ज रो) 1878 मध्ये पुस्तिका काढून कॉफीच्या यंत्रातल्या मुक्या, बेचव मद्यार्काला व्हिस्की म्हणू नये, असा घोष केला. 1905 मध्ये लंडनच्या इझ्लिंग्टन भागातल्या नगरपालिकेने असला माल व्हिस्की म्हणून विकणाऱ्यांवर खटले भरले, आणि पुढच्या वर्षी दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेच्या बाजूने निकालही दिला. धंद्यात खळबळ माजली, शाही आयोग बसला आणि 1909 मध्ये त्याने जुन्या पद्धतीच्या भांड्यातल्या आणि कॉफीच्या यंत्रातल्या, अशा दोन्ही मद्यांना व्हिस्की म्हणण्याची मुभा दिली. डब्लिनकरांची तक्रार खरी होती की स्वार्थी, यावर आजही वाद घालता येईल. माझ्या मते ती दोन्ही होती. पण त्यांच्या हाती दोन गोष्टी नव्हत्या: कायद्याने ठरलेली व्याख्या, आणि ती पाळली जाते का हे पाहणारा माणूस. नुसती पुस्तिका काढून नाव राखता येत नाही, हे त्यांना फार महागात पडून कळले. पुढच्या शंभर वर्षांत हा धंदा इतका ओसरला की 2010 च्या सुमारास बेटावर चालू भट्ट्या चारच उरल्या होत्या.

आज त्या चाळिसाच्या वर आहेत आणि म्हणूनच लहान उत्पादकाचा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. नव्या भट्टीला पहिली तीन वर्षे विकायला स्वतःची व्हिस्कीच नसते. जिन विकून, किंवा दुसऱ्याकडून मुरलेला माल घेऊन आपल्या लेबलखाली विकून दिवस काढावे लागतात. हे गैर नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा लेबलवर न उभारलेल्या भट्टीचे चित्र छापून माल तिथलाच असल्याचा भास केला जातो. अशा वेळी पडताळणीचा आधार कुणाला? बड्या कंपनीला तिचे नाव आणि वकिलांची फौज पुरते. स्वतः गाळून, स्वतः मुरवून, तीन वर्षे भांडवल कोंडून बसलेल्या लहान माणसाला मात्र शेजारच्या तोतयापासून हा कागदच वाचवतो. पडताळणीचे शुल्क आणि कागद उत्पादनाच्या आकारमानानुसार ठरावेत, ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरावी. पण पडताळणीच नको म्हणणारा लहान उत्पादक आपल्याच पायाखालची फांदी तोडतो.

आता त्या मर्मावरच्या घावाकडे येऊ. तांब्याच्या भांड्यात गाळलेल्या 'पॉट स्टिल' व्हिस्कीत किमान 30 टक्के मोड आणलेले आणि किमान 30 टक्के बिनमोडाचे बार्ली असावे आणि ओट, राय अशी इतर धान्ये 5 टक्क्यांच्या आत, असे दस्तऐवज सांगतो. जुन्या कृती धुंडाळणारे उत्पादक विचारतात की एकोणिसाव्या शतकातल्या घाण्यांत ओट आणि राय याहून बरेच जास्त पडत असताना हा 5 चा आकडा आला कुठून? इथे मी पूर्वपक्षाशी सहमत आहे. परंपरेचे संरक्षण करायचे आणि परंपरेतलीच कृती नियमबाह्य ठरवायची, हे चालणार नाही. मर्यादा सैल व्हायला हवी. पण हा दोष व्याख्येचा आहे. व्याख्या कायद्याने बदलता येते, त्यासाठी अर्ज करण्याचा मार्ग खुला आहे. पडताळणी ढिली केली तर चुकीच्या व्याख्येसोबत बरोबर असलेलीही वाहून जाईल, आणि ओट घालणारा प्रामाणिक माणूस व बाहेरून मद्यार्क आणून ओतणारा लबाड एका पंगतीत बसतील.

बेटावर दोन राज्ये आहेत, ही अडचण खरी तर याहून नाजूक. बुशमिल्सची भट्टी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हद्दीत. तरीही व्हिस्कीचे नाव एकच आणि ते अख्ख्या बेटाचे. तिकडची पडताळणी ब्रिटिश कर खाते करते. ब्रेक्झिटच्या एवढ्या भांडणानंतरही हे नाव दुभंगले नाही, याचे श्रेय मी दोन्हीकडच्या रटाळ नोंदवह्यांना देतो.

आपल्याकडे पाहिले की याचे मोल जास्त कळते. साखर कारखान्यांच्या मळीतून निघालेल्या मद्यार्कावर आधारलेला माल भारतात व्हिस्की म्हणून खपतो. युरोपात त्याला ते नाव लावता येत नाही. ती व्याख्येची लढाई, ती बाजूला ठेवू. पण गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिची व्याख्या तर आपली आपणच लिहिली. बोंडे तुडवून काढलेला रस, त्याची उर्राक, मग दुसऱ्या खेपेची फेणी. बाजारातल्या बाटलीत ती तशी आहे की स्वस्त मद्यार्कात वास मिसळलेला आहे, हे भट्टीपासून बाटलीपर्यंत कोण ताडून पाहते? आपले 2002 चे नियम अर्जदाराला सांगतात की तपासणीची यंत्रणा असल्यास तिचा तपशील द्यावा. नसल्यास अर्ज अडत नाही. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये मानांकन मिळाल्यावरही कर्नाटकातले आंबे कोकणच्या पेट्यांतून विकले जातातच, आणि बागायतदार दर हंगामात तीच तक्रार करतो.

फेणीवाल्यांना सरकारी माणूस भट्टीवर नको असतो. त्यांचा अनुभव पाहता हे मला समजते, कारण आजवर अबकारी माणूस आला तो परवाना विचारायला किंवा पैसे मागायला. आयर्लंडमधले पॉचीनवालेही शतकानुशतके असेच डोंगरात लपत होते. देशात पॉचीन विकायला 1997 पर्यंत परवानगीच नव्हती. आज त्याच पॉचीनला संरक्षित नाव आहे, त्याला लाकडात दहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि ही अट पाळली गेली हे दाखवायला पूर्वी ज्या खात्यापासून पळायचे त्याच्याच अधिकाऱ्यासमोर उत्पादक स्वतःहून वही उघडतो. कारण नाव त्याच्या एकट्याचे नाही, आणि शेजाऱ्याने ते बुडवले तर बाजार त्याचाही जातो, हे त्याला ठाऊक आहे.